नवी मसल कार घेताना: आधी ऑप्शन, मग भाव, मग कर्ज

अमेरिकेतले आपले लोक होंडा किंवा टोयोटा घ्यायची असली की महिनाभर तक्ते मांडतात. फोर्डच्या मस्टँगसारखी मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची अमेरिकी गाडी, घ्यायची वेळ आली की मात्र शनिवारी दुपारी "सहज बघून येऊ" म्हणत शोरूममध्ये शिरतात. सेल्समन व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) चालू करून देतो, ती घरघर छातीत जाणवते आणि चार तासांनी माणूस चावी घेऊन बाहेर पडतो. कोणत्या ऑप्शनचे किती दिले, व्याजदर किती लागला, हे घरी कागद उलगडल्यावर कळतं.

अशा सात-आठ खरेद्यांचे कागद मी नंतर वाचून दिले आहेत. घासाघीस बहुतेकांना बऱ्यापैकी येत होती, क्रम तेवढा उलटा झाला होता. हप्ता आधी ठरला, मग भाव, आणि गाडीत नेमकं काय आहे हे सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे म्हणूनच क्रमाने लावले आहेत. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्यात शिरू नका.

टप्पा १: शोरूमच्या आधी विमा आणि कर्जाची मंजुरी

पहिला फोन विमा कंपनीला करा. ज्या ट्रिमचा, म्हणजे मॉडेलच्या नेमक्या आवृत्तीचा, विचार आहे, त्या ट्रिमचंच कोटेशन मागा. "मस्टँग" एवढंच सांगितलं तर चार सिलिंडरच्या गाडीचा आकडा ऐकायला मिळेल. घरात पंचवीसच्या आतला चालक असेल तर त्याचं नाव घालूनच विचारा. या एका फोनवर व्ही-८चा बेत सोडलेले लोक मी पाहिले आहेत, आणि सही करण्याआधी सोडला हे त्यांनी चांगलंच केलं.

मग क्रेडिट युनियन (सभासदांची सहकारी पतसंस्था) किंवा आपल्या बँकेकडून कर्जाची पूर्वमंजुरी घ्या. दोन-तीन ठिकाणी अर्ज केल्याने क्रेडिट स्कोअर घसरेल ही भीती अनेकांना असते. गाडीच्या कर्जासाठीच्या सगळ्या चौकशा १४ दिवसांच्या आत उरकल्या तर स्कोअर काढताना त्या एकच धरल्या जातात. म्हणून सगळे अर्ज एकाच आठवड्यात करा.

एच-१बीवर असाल तर बँकेला पहिल्याच बोलण्यात विचारा: कर्जाची मुदत व्हिसाच्या मुदतीशी बांधलेली आहे का? काही ठिकाणी असते. हे शोरूममध्ये सहीच्या टेबलावर कळलं तर हातातला चांगला दर जातो आणि डीलर देईल तो दर घ्यावा लागतो.

तपासा: कागदावर तीन आकडे आले का? कर, फी सगळं धरून जास्तीत जास्त किती देणार, बँकेने मंजूर केलेला व्याजदर किती, विम्याचा हप्ता किती. नसतील तर अजून शोरूममध्ये जायचं नाही.

टप्पा २: गाडी ठरवा

हा टप्पा आता लहान झाला आहे. शेवरलेची कॅमेरो आणि डॉजची चॅलेंजर या दोन्हींचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबलं. नवी आणि व्ही-८ असलेली हवी असेल तर मस्टँग जीटी (४८० हॉर्सपॉवर) किंवा डार्क हॉर्स (५००). डॉजची नवी चार्जर पूर्ण विजेवर मिळते किंवा सहा सिलिंडरच्या ट्विन-टर्बो इंजिनावर, ४२० आणि ५५० हॉर्सपॉवर अशा दोन रूपांत. तिला फक्त ऑटोमॅटिक गिअर आहेत आणि ऑल-व्हील ड्राइव्ह मुळातच येतो. मिनेसोटात किंवा बफेलोत बारमाही एकच गाडी चालवणार असाल तर ही गोष्ट फार मोठी आहे.

इकोबूस्ट मस्टँगला चार सिलिंडर आणि ३१५ हॉर्सपॉवर आहे. विमा, इंधन आणि किंमत तिन्ही कमी. तिला नाक मुरडू नका. पण २०२४च्या मॉडेलपासून ती फक्त ऑटोमॅटिकमध्येच मिळते. क्लच हवा असेल तर जीटीपासूनच सुरुवात.

टप्पा ३: ऑप्शन निवडा, तेही घरी बसून

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कंपनीच्या संकेतस्थळावरचा बिल्डर (ऑप्शन निवडून गाडी जुळवायचं पान) उघडा आणि प्रत्येक ऑप्शनला एकच प्रश्न विचारा: हे नंतर बसवता येईल का?

नंतर बसवता येत नाही, किंवा बसवायला दुपटीने खर्च येतो, अशा गोष्टी मोजक्या असतात: गिअरबॉक्स, परफॉर्मन्स पॅकेज, मॅग्नेराइड (रस्त्याप्रमाणे आपोआप कडक-मऊ होणारं) सस्पेन्शन, अ‍ॅक्टिव्ह एक्झॉस्ट आणि सीट. पैसा यांच्यावर खर्च करा. पट्टे, मॅट, स्पॉयलर, काचांची टिंट, झगमगीत नट-बोल्ट हे सगळं बाहेर निम्म्या दरात होतं. तरीही मी वाचलेल्या, गाडीच्या काचेवरच्या किमतीच्या स्टिकरांवर निम्म्याहून जास्त ऑप्शनचे पैसे याच दुसऱ्या गटात गेलेले दिसले.

गिअरबॉक्स. जीटीत सहा गिअरची मॅन्युअल किंवा दहा गिअरची ऑटोमॅटिक मिळते. सरळ रेषेत ऑटोमॅटिक वेगवान आहे, त्यावर वाद नको. मॅन्युअल घ्यायची ती चालवण्याच्या समाधानासाठी. पण रोजचा रस्ता बे एरियातला ८८० किंवा न्यू जर्सीतला टर्नपाइक असेल, तर टेस्ट ड्राइव्ह मुद्दाम संध्याकाळी साडेपाचला घ्या. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर क्लच सगळ्यांनाच आवडतो.

परफॉर्मन्स पॅकेज. यात मोठे ब्रेम्बो ब्रेक, टॉर्सन डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारा भाग), रुंद टायर आणि जास्तीची कूलिंग येते. जीटीवर मॅग्नेराइड हवं असेल तर आधी हे पॅकेज घ्यावं लागतं. ट्रॅकवर जाणार नसाल तरी केवळ ब्रेकसाठी मी हे घ्यायला सांगेन. पण त्यात एक मेख आहे आणि ती ब्रोशरमध्ये ठळक दिसत नाही: टायर उन्हाळी असतात.

इशारा: उन्हाळी टायरचं रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ४५ अंश फॅरनहाइटच्या खाली कडक होऊ लागतं. बर्फ पडलेला नसला तरी नोव्हेंबरातल्या कोरड्या, थंड सकाळी मागची चाकं सिग्नलवरून निघतानाच घसरतात. कडाक्याच्या थंडीत गाडी हलवली तर रबराला चिरा जाऊ शकतात. शिकागो, बॉस्टन, डेट्रॉइटकडे राहत असाल तर हिवाळी टायर आणि रिमचा वेगळा संच आजच बजेटमध्ये धरा. मोठ्या ब्रेकवर लहान रिम बसेलच असं नाही, म्हणून रिमचा आकार आधी विचारून घ्या.

अ‍ॅक्टिव्ह एक्झॉस्ट. जीटीचे ४८० हॉर्सपॉवर याने ४८६ होतात. ते सहा कुणाला जाणवत नाहीत, आवाज मात्र जाणवतो. खरा उपयोग उलट्या बाजूने आहे. यात शांत मोड असतो. सकाळी सहाला टाउनहाउसच्या गल्लीतून गाडी काढताना शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. बाहेरून बसवलेल्या आवाजी एक्झॉस्टला ही सोय बहुधा नसते.

सीट. रेकारो सीट फोटोत फार देखण्या दिसतात. पण त्या घेतल्या की गरम-थंड होण्याची सोय जाते आणि कडेचे उंच कठडे चढउतार करताना मांडीला घासतात. शोरूममध्ये जी दोन मिनिटं बसतात त्याऐवजी वीस मिनिटं बसा. घरातल्या ज्येष्ठांना या गाडीतून नेणार असाल तर त्यांनाही एकदा बसवून बघा. मागच्या सीटबद्दल काहीच बोलत नाही, तिथे फार तर ऑफिसची बॅग बसते.

अ‍ॅक्सल रेशो. मागची चाकं एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा किती फेरे घेतो, ते हे प्रमाण. स्टिकरवर ३.१५, ३.५५ किंवा ३.७३ असा आकडा असतो. आकडा मोठा तेवढी सुरुवातीची झेप जोरकस, आणि हायवेवर इंजिनाचे फेरेही जास्त. एकाच ट्रिमच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांत हा फरक असू शकतो आणि सेल्समनला तो ठाऊक असेलच असं नाही.

प्रीमियम ट्रिम. गरम-थंड सीट आणि आतली सजावट यासाठी घ्या. रोज दोन तास गाडीत जात असतील तर पैसे वसूल होतात. वीकएंडची गाडी असेल तर बेस जीटी आणि परफॉर्मन्स पॅकेज ही जोडी मला जास्त पटते.

आता तीन याद्या करा: "हवंच", "मिळालं तर बरं" आणि "फुकट दिलं तरी नको". तिसरी यादी विसरू नका. डीलरकडे उभ्या असलेल्या गाड्यांत बहुतेक वेळा तिसऱ्या यादीतलंच काहीतरी चिकटलेलं असतं.

तपासा: "हवंच" यादीत पाचाहून जास्त गोष्टी आहेत? मग ती यादी अजून झालेली नाही. "हवंच" मधलं सगळं असलेल्या गाडीची एमएसआरपी, म्हणजे कंपनीने सुचवलेली किंमत, बिल्डरवर काढून लिहून ठेवा. पुढची बोलणी या आकड्यावरून खाली यायची आहेत.

टप्पा ४: उभी गाडी की ऑर्डर?

उभी गाडी घेतली तर भाव जास्त उतरतो, कारण डीलर त्या गाडीवर रोज व्याज भरत असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक लेबल असतं, त्यावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. आजपासून पाच-सहा महिने मागची तारीख दिसली तर ती गाडी बोलणीत तुमच्या बाजूने उभी आहे असं समजा. उत्तरेकडच्या राज्यांत डिसेंबर-जानेवारीत मागच्या चाकांवर चालणारी व्ही-८ घ्यायला फारसं कुणी येत नाही. महिनाअखेर आणि वर्षअखेर डीलरला विक्रीचा आकडा गाठायचा असतो. हे दोन्ही एकत्र आले तर उत्तम.

ऑर्डर दिली तर हवी तशी गाडी मिळते, पण काही महिने थांबावं लागतं आणि सूट कमी मिळते. ऑर्डरच्या वेळी हमखास होणारी चूक म्हणजे तोंडी भाव. "आल्यावर बघू, तुम्हाला बरोबर लावून देऊ" यावर ५०० डॉलर ठेवून लोक निघून येतात. गाडी उतरते आणि तिच्यावर तीन हजारांचं "मार्केट अ‍ॅडजस्टमेंट" लागलेलं असतं. कंपनी किंमत सुचवते, अंतिम भाव डीलर ठरवतो. मधल्या काळात कंपनीनेच किंमत वाढवली तर काय, हेही मोकळं राहतं.

इशारा: ठेव देण्याआधी सही केलेल्या कागदावर तीन ओळी हव्यात: विक्रीची किंमत किंवा एमएसआरपीवरची नेमकी सूट, वर कोणतीही भर नाही, आणि ठेव परत मिळण्याजोगी. यातली एकही ओळ द्यायला डीलर तयार नसेल तर दुसरा डीलर गाठा.

टप्पा ५: स्टिकर वाचायला शिका

नव्या गाडीच्या काचेवरचा स्टिकर १९५८च्या संघराज्य कायद्याने बंधनकारक आहे. तो कायदा आणणाऱ्या सिनेटर मनरोनी यांच्यावरून त्याला मनरोनी स्टिकर म्हणतात. त्यावर मूळ किंमत, कारखान्यात बसवलेला प्रत्येक ऑप्शन त्याच्या किमतीसह, डेस्टिनेशन चार्ज (गाडी कारखान्यातून डीलरकडे आणण्याचा खर्च) आणि एकूण एमएसआरपी असते. डेस्टिनेशन चार्ज देशभर तोच असतो आणि कमी होत नाही, त्यावर शब्द खर्च करू नका. "गॅस गझलर टॅक्स" अशी ओळ असेल तर तोही संघराज्याचा कर आहे. फार इंधन पिणाऱ्या गाड्यांवर तो १,००० डॉलरपासून सुरू होतो.

त्याच्या शेजारी, तशाच अक्षरात, तशाच कागदावर दुसरा एक स्टिकर चिकटवलेला असतो. तो डीलरचा. त्याला कायद्याचा आधार नाही. टायरमध्ये नायट्रोजन, दाराच्या कडेला पारदर्शक पट्टी, काचेवर कोरलेला व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक), रंगावरचं "प्रोटेक्शन", आणि शेवटी मार्केट अ‍ॅडजस्टमेंट. माझ्या पहिल्या नव्या गाडीच्या वेळी मी या दुसऱ्या स्टिकरवरच्या रंग-संरक्षणाचे १,२९९ डॉलर दिले. तो कारखान्यातूनच आलेला ऑप्शन आहे असंच मला वाटलं होतं. वर्षभराने डिटेलिंगवाल्याने बॉनेटवर बोट फिरवून सांगितलं की इथे मेणाचाही थर नाही.

तपासा: दोन्ही स्टिकरांचे फोटो घ्या आणि घरी जा. पहिल्याच भेटीत बसून बोलायचं नाही.

टप्पा ६: भाव, मेलवर आणि एका आकड्यात

मागायचा आकडा एकच: आउट द डोअर. म्हणजे गाडी, डेस्टिनेशन, डॉक फी (डीलरचं कागदपत्रांचं शुल्क), कर, नोंदणी सगळं धरून किती डॉलर दिले की गाडी दाराबाहेर येईल. विक्रीची किंमत दोन हजारांनी उतरवून डॉक फी आणि "प्रेप"मध्ये (गाडी तयार करून देण्याच्या शुल्कात) पंधराशे परत घेणं ही रोजची चाल आहे. एकच आकडा मागितला की ती लपत नाही. डॉक फीचं प्रमाण राज्याप्रमाणे बदलतं: कॅलिफोर्नियात तिला ८५ डॉलरची मर्यादा आहे, फ्लोरिडात मर्यादाच नसल्याने ती हजाराच्या घरात जाऊ शकते. फी तशी राहिली तर तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून उतरवायला सांगा.

तीन-चारशे मैलांच्या परिघातले सहा ते आठ डीलर निवडा. कर बहुधा तुम्ही जिथे नोंदणी कराल त्या राज्याचा लागतो, त्यामुळे शेजारच्या राज्यातली गाडी घेतल्याने करात फायदाही नाही आणि तोटाही नाही. प्रत्येकाच्या इंटरनेट सेल्स मॅनेजरला एकच मेल पाठवा. त्यात स्टॉक नंबर किंवा नेमकी ट्रिम-ऑप्शनची यादी, नोंदणीचा झिपकोड, दहा दिवसांत घेणार हे वाक्य, आणि आउट द डोअर आकडा फोडून लेखी द्यावा ही विनंती. जुन्या गाडीचा, हप्त्याचा, रोखीने घेणार की कर्जाने, यातल्या कशाचाही उल्लेख करू नका.

निम्मे डीलर उत्तरात लिहितील, "या, बसून बोलू." त्यांना एकदा नम्रपणे आठवण करा, मग सोडून द्या. उरलेल्या तीन-चारांत सगळ्यात कमी आकडा घेऊन बाकीच्यांना तो कागद दाखवा. आकडा खोटा सांगू नका. ते कागद मागतात, आणि खोटं पकडलं गेलं की बोलणी तिथेच संपतात.

किती उतरेल? साधी जीटी, बरेच महिने उभी, हिवाळा: एमएसआरपीपेक्षा भरपूर खाली मागा आणि इनव्हॉइसच्या, म्हणजे कंपनी डीलरला लावते त्या किमतीच्या, आसपास स्थिरावण्याची अपेक्षा ठेवा. इनव्हॉइस हा डीलरचा अगदी तळ नसतो. अनेक कंपन्या गाडी विकल्यावर काही टक्के डीलरला परत देतात, म्हणून "आम्ही इनव्हॉइसवर देतोय, तोट्यात जातोय" याने विरघळू नका. डार्क हॉर्ससारख्या कमी संख्येच्या गाडीवर मात्र एमएसआरपीत मिळाली तरी सौदा ठीक आहे.

नोकरी मोठ्या कंपनीत असेल तर एचआरला "फोर्डचा एक्स-प्लॅन मिळतो का" असं आवर्जून विचारा. भागीदार कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी यात आधीच ठरलेली किंमत असते, घासाघीस करावीच लागत नाही. डीलरवर तो मानण्याची सक्ती नसते आणि खास आवृत्त्या बऱ्याचदा त्यातून वगळतात, म्हणून पहिल्या मेलमध्येच विचारून घ्या. ही सवलत आपल्या हक्काची असूनही न विचारता पूर्ण किंमत देणारे आयटीतले लोक मला सर्रास भेटतात.

शोरूममध्ये बसायची वेळ आलीच तर सेल्समन एक कागद काढेल आणि जाड मार्करने त्यावर अधिकचं चिन्ह काढून चार चौकोन करेल: किंमत, जुनी गाडी, डाउन पेमेंट, महिन्याचा हप्ता. मग विचारेल, "महिन्याला किती जमेल?" उत्तर द्यायचं नाही. हप्त्याचा चौकोन भरला की बाकीचे तीन तो आपल्या सोयीने हलवतो. हिशेब बघा: ४५,००० डॉलर, ७ टक्के. पाच वर्षांना हप्ता ८९१, सात वर्षांना ६७९. "दोनशे डॉलर कमी करून दिले" असं ऐकू येतं, प्रत्यक्षात व्याज ८,४६० वरून १२,०५० वर जातं.

आपल्या लोकांचं घोडं एरवी जिथे अडतं ते सांगतो. माणसाने तीन तास घालवले, कॉफी दिली, पोराला टोपी दिली, आता नाही कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण, ही म्हण अशा टेबलासाठीच आहे. "आकडा जुळत नाही, विचार करून कळवतो" एवढं म्हणून उठा. तोच आकडा उद्याही मिळतो. "फक्त आजच" हे वाक्य मी महिन्याच्या जवळजवळ प्रत्येक तारखेला ऐकलं आहे.

तपासा: व्हीआयएन, ऑप्शन आणि आउट द डोअर आकडा असलेला कागद मॅनेजरच्या सहीने किंवा मेलने हाती आला का? तोवर भाव ठरलेला नाही.

टप्पा ७: जुनी गाडी आता काढा

भाव लेखी आल्यावरच जुन्या गाडीचा विषय काढा. त्याआधी कारमॅक्ससारख्या ठिकाणाहून लेखी ऑफर आणा, ती सात दिवस टिकते. मग डीलरला विचारा.

तुलना करताना कर विसरू नका. बऱ्याच राज्यांत जुन्या गाडीची रक्कम वजा करून उरलेल्यावर विक्रीकर लागतो. टेक्ससमध्ये कर ६.२५ टक्के आहे, म्हणजे १५,००० ची गाडी डीलरला दिली तर ९३७ डॉलर वाचतात. डीलरची ऑफर आठशेने कमी असली तरी तीच फायद्याची. कॅलिफोर्नियात ही वजावट नाही, तिथे सरळ मोठा आकडा घ्या.

टप्पा ८: फायनान्स ऑफिस

भाव ठरला की हात मिळवले जातात, मग एका लहान खोलीत नेतात. बऱ्याच लोकांचे पैसे भावाच्या टेबलापेक्षा या खोलीत जास्त गेलेले मी पाहिले.

पहिली गोष्ट व्याजदर. बँक डीलरला एक दर देते, डीलर त्यावर आपला वाटा चढवून तुम्हाला सांगतो. ४५,००० वर पाच वर्षांसाठी ५ ऐवजी ७ टक्के लागले तर महिन्याला फक्त ४२ डॉलरचा फरक दिसतो, एकूण २,५०० जातात. खिशातली पूर्वमंजुरी आता काढा आणि "याहून कमी देता येईल का?" एवढंच विचारा. कंपनीचा कमी व्याजाचा दर आणि रोख रिबेट यांत निवड करायची असेल तर दोन्हीकडचे सगळे हप्ते जोडून एकूण रक्कम बघा.

दुसरी, वरून गळ्यात मारल्या जाणाऱ्या वस्तू: वाढीव वॉरंटी, गॅप विमा, टायर-रिम संरक्षण, रंगाचा लेप. यातली एकही कर्जासाठी सक्तीची आहे असं सांगितलं तर "ती अट बँकेच्या कागदावर दाखवा" म्हणा. गॅप विमा, म्हणजे गाडी पुरती गेली तर विम्याची भरपाई आणि उरलेलं कर्ज यांतला फरक भरणारा विमा, तुमच्या विमा कंपनीकडे बहुधा स्वस्त पडतो. वाढीव वॉरंटी हवी असेल तर तिचाही भाव करता येतो, आणि ती त्याच दिवशी घ्यावी लागत नाही.

तिसरी, कराची वजावट. २०२५ ते २०२८ या वर्षांत नव्या गाडीच्या कर्जावरचं वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करता येतं, पण गाडीची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली असली पाहिजे. मस्टँग मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकला बनते, ती बसते. चार्जर कॅनडातल्या विंडसरला बनते, ती बसत नाही. उत्पन्न एकट्याचं १ लाख किंवा जोडप्याचं २ लाखांच्या वर गेलं की वजावट कमी होत जाते आणि पुढच्या ५० हजारांत संपते. घरात आयटीचे दोन पगार असतील तर हिच्या भरवशावर गणित मांडू नका. लीजला ती लागूच नाही.

इशारा: "तीन दिवसांत गाडी परत देता येते" हा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. फेडरल ट्रेड कमिशनचा तीन दिवसांचा नियम शोरूममध्ये केलेल्या गाडीच्या खरेदीला लागू होत नाही. सही झाली की गाडी तुमची.

आणखी एक: कर्ज पक्कं व्हायच्या आधीच "गाडी घेऊन जा, कागद होतील" म्हणत असतील तर नेऊ नका. दहा दिवसांनी फोन येतो की मंजुरी मिळाली नाही, नव्या दराने सही करा. तोवर जुनी गाडी विकली गेलेली असते.

टप्पा ९: गाडी ताब्यात घेताना

एक दिवस आधी डीलरला मेल करा: गाडी धुऊ नका, पॉलिश करू नका, प्लास्टिकही काढू नका. घाईत मळक्या फडक्याने पुसलेल्या काळ्या किंवा गडद निळ्या रंगावर कोळिष्टकासारख्या गोल रेघा उमटतात आणि ऊन पडलं की त्याच दिसतात.

ताबा दिवसाउजेडी घ्या. डॅशवरचा, स्टिकरवरचा आणि करारावरचा व्हीआयएन जुळवा. मग स्टिकरवरचा एकेक ऑप्शन बोटाने दाखवत तपासा: ब्रेम्बोची अक्षरं कॅलिपरवर आहेत का, एक्झॉस्टचे मोड स्क्रीनवर बदलतात का. गुडघ्यावर बसून पुढच्या बंपरची खालची कड बघा, ट्रेलरवरून उतरवताना ती घासलेली असते आणि उभं राहून दिसत नाही. दोन चाव्या, ओडोमीटरचा आकडा, चाकांच्या कुलपाची किल्ली. काही राहिलं असेल, ओरखडा दुरुस्त करून देणार असतील, तर "वी ओव" (डीलरचं देणं काय राहिलं ते लिहायचा) नावाच्या फॉर्मवर लिहून सही घ्या. पार्किंगमध्ये उभं राहून दिलेला शब्द सर्व्हिस काउंटरला माहीत नसतो.

पहिले १,००० मैल इंजिनाला ताण देऊ नका आणि हायवेवर तासन् तास एकाच वेगात धरून ठेवू नका.

जुन्या गाडीवर कर्ज असेल तर डीलरने ते फेडलं का, हे तुम्हीच बघायचं आहे. करारात फेडीची रक्कम लिहिलेली असली तरी चेक जायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि मधला हप्ता चुकला तर डाग तुमच्या क्रेडिटवर पडतो. जुन्या बँकेच्या खात्यात शिल्लक शून्य दिसेपर्यंत तो हप्ता भरत राहा. जास्तीचे पैसे बँक परत पाठवते.